पाहुणीला दुखणं सांगत नाहीत

माझ्या नणंदेचं नाव साल्कीनाय. हे मी कागदावर लिहू शकते, तोंडानं घेऊ शकत नाही. आमच्याकडे सुनेनं नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नसतात, त्यांना आपणच दुसरं नाव ठेवायचं असतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाला लावलेलं निळं पेन दिसलं, म्हणून मी तिला लेखणीबाई म्हणाले. सगळे हसले, सासूबाईंनी कौतुकानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते नाव गावभर झालं. माझी तेवढी एकच गोष्ट या गावात गाजली. बाकी सगळं तिचंच गाजतं.

तोंडावर मी तिला वन्सं म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र अगं-तुगं चालतं. इथं मनातलंच लिहितेय.

तीन भावांत ती एकटी बहीण. थोरले दोघे भाऊ राजधानीला, बिश्केकला गेले आणि तिकडचेच झाले. धाकट्यानं आईबापाचं घर सांभाळायचं हा आमचा रिवाज, म्हणून माझा नवरा तालाय घरी राहिला आणि त्याच्याबरोबर मी. ती नारीनला नर्सिंग शिकली, नदीपलीकडच्या गावात तिला दिली. नवरा रशियाला बांधकामावर गेला तो गेलाच. आधी पैसे यायचे बंद झाले, मग फोन. तिनं कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या वॉर्डात राबली, मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. पुढे दवाखान्यानं बऱ्या न होणाऱ्या रोग्यांच्या घरी जाणारी गाडी सुरू केली तेव्हा त्या कामाला कुणी तयार होईना. मरणाऱ्यांची नर्स म्हणवून घ्यायचं कुणाला होतं? ही आपणहून गेली. सुरुवातीला तिची गाडी गल्लीतून गेली की बायका आपली पोरं आत घ्यायच्या. नंतर त्याच बायका गाडीची वाट बघत फाटकात उभ्या राहायला लागल्या.

त्याला कारण तिचं लिहिणं. बाकीच्या नर्सा रोग्याला बघून बाहेर येतात आणि गाडीच्या टपावर कागद ठेवून चार ओळी खरडतात. ही रोग्याच्या अंथरुणाजवळ जमिनीवर मांडी घालून बसते, त्याच्यासमोर लिहिते आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवते. बरोबर लिहिलं का, असं विचारते. रोगी म्हणाला नाही, तर खोडून पुन्हा लिहिते. किती दुखतंय ते हाताच्या बोटांवर दाखवायचं, दहा बोटं म्हणजे सोसवत नाही, मूठ म्हणजे काहीच नाही. कुणी ‘बरं आहे’ म्हटलं तर ती ‘बरं आहे’ लिहीत नाही, ‘रोगी म्हणतो: बरं आहे’ असं लिहिते. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं तिला सांगितलं की माझ्या कमरेत लांडगा बसलाय, दिवसभर झोपतो आणि मेंढरं परतायच्या वेळी उठतो. तिनं तसंच लिहिलं, लांडग्यासकट. दवाखान्याच्या एसेनकान डॉक्टरांनी ते वाचून गोळी संध्याकाळच्या आधी द्यायला सांगितली. म्हातारा जाईपर्यंत येईल त्याला सांगत होता, या बाईनं माझा लांडगा लिहिला. तो गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात अख्ख्या जमावासमोर तिचं नाव काढलं गेलं. मी तिथंच चहा ओतत होते. माझ्या हातची किटली गच्च धरली गेली ती आठवते मला.

जळत होते मी, दुसरं काय. मीही शिक्षिका व्हायला कॉलेजात होते, दुसऱ्या वर्षी लग्न झालं. माझंही अक्षर चांगलं आहे. पण माझ्या अक्षराला या घरात काम नव्हतं. माझ्या हाताला होतं. आणि सासूबाई आजारी पडल्यावर तर हाताला उसंतच उरली नाही.

सासूबाईंचा रोग गर्भाशयातला, तो पुढे पाठीच्या हाडांत उतरला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून त्यांना घरी पाठवलं आणि घरी येणारी नर्स कोण, तर त्यांचीच मुलगी. दुसरी नर्स बाळंतपणाच्या रजेवर होती, आमच्या बाजूला यायला तिसरी कुणी नव्हतीच. गावानं म्हटलं, म्हातारीचं नशीब बघा.

आता आमच्याकडे लग्न झालेली लेक म्हणजे माहेरची पाहुणी. तिला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवायचं, पहिला चहा तिला, मेंढीच्या छातीचं मांस तिला, आणि घरातलं दुखलंखुपलं तिच्या कानावर घालायचं नाही. ती हसत आली तशी हसत परत गेली पाहिजे. सासूबाई या बाबतीत भारी काटेकोर. लेखणीबाईची गाडी यायच्या दिवशी सकाळपासून माझी धावपळ. सासूबाईंना पुसून घ्यायचं, वेणी घालायची, कानात चांदीचे डूल, अंगात जांभळं मखमली जाकीट, पाठीला तीन उशा लावून बसवायचं. बसवताना त्या माझ्या दंडात अशी नखं रुतवायच्या की वळ उठायचे. दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरायचं, त्यावर कणकेचे तळलेले बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा. मग लेक आत यायची आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं हसू यायचं की मीसुद्धा क्षणभर फसायची. माझ्या वाट्याला ते हसू कधी आलं नाही. माझ्या वाट्याला कण्हणं.

ती विचारायची, आई, किती गं? सासूबाई मूठ दाखवायच्या आणि वर म्हणायच्या, साय घे की, घट्ट आलीय. ती लिहायची आणि वाचून दाखवायची: रोगी म्हणते शून्य, चेहरा शांत, बोलणं सहज. सासूबाई मान डोलवायच्या. बरोबर लिहिलंस. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की मी उशा काढायचे आणि त्या ओठ चावत आडव्या व्हायच्या. मग रात्र सगळी माझी.

मॉर्फिनच्या अर्ध्या गोळीवर भागत नव्हतं हे आंधळीलाही दिसलं असतं. गोळी वाढवायची तर डॉक्टरांनी वाढवायची, आणि डॉक्टर वाढवणार ते हिच्या कागदावरून. एकदा मी तिला फाटकात गाठलं.

“वन्सं, आईंना फार दुखतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

“मला नाही म्हणाली.”

“तुम्हाला म्हणणारच नाहीत.”

“का? मी काय परकी आहे?”

“पाहुण्या आहात.”

ती अशी बघायला लागली, जणू मी तिच्या थोबाडीत मारली होती. “माझ्या आईच्या दारात मला पाहुणी म्हणतेस? हे बघ जिपार, रोग्याच्या तोंडून येत नाही ते मी लिहीत नाही. आजवर कुणाचं लिहिलं नाही. सुनांच्या तक्रारी लिहायला घेतल्या तर कागद पुरायचे नाहीत.”

दुसऱ्या कुणाची आई असती तर तिनं त्या मखमलीखालचा घाम तेव्हाच ओळखला असता. ओळखायला ती कमी नव्हती. पण खरा आकडा लिहायचा तर आधी हे मान्य करायला हवं होतं की आई आपल्याला खोटं सांगते आणि सुनेला खरं. अख्ख्या जिल्ह्यातले मरणारे जिच्यापाशी मन मोकळं करतात, तिच्यापाशी सख्खी आई करत नाही, हे तिच्या घशाखाली उतरेना. जळण्याचा मक्ता काही एकट्या माझ्याकडे नव्हता.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, मॉर्फिनच्या एकेका गोळीचा जाब मला वर द्यावा लागतो. नर्स शून्य लिहिते, ती नर्स पेशंटची पोटची पोर आहे, तिच्यापेक्षा तुमचं खरं मानून मी गोळी कशी वाढवू? तालायला सांगितलं तर तो म्हणाला, आई आणि एजेच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, मधे मी पडत नाही. पुरुषांना मधे न पडायला बरं जमतं.

मग बटाटे काढायचे दिवस आले. त्या दिवशी गाडी यायची नव्हती. मी परसातल्या वाफ्यात कोपरापर्यंत मातीत होते. सासूबाईंना दुपारी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून निजवलं होतं, अंगात जुना विटका सदरा, वेणी विस्कटलेली, कान मोकळे. आणि फाटकापाशी गाडीचं दार वाजलं. वरच्या गावातला तिचा एक रोगी सकाळी गेला होता, परतीच्या वाटेवर ती न सांगता आली होती. मी बादली तशीच हातात घेऊन धावले. डोक्यात एकच, डूल कुठे ठेवले, जाकीट कुठे ठेवलं.

मी दारात पोचले तोवर ती आत होती. आईला अशी तिनं कधी पाहिलीच नव्हती. अंथरुणाजवळ गुडघे टेकून तिनं नुसता हात आईच्या पाठीवर ठेवला होता, आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच बोलायला लागल्या. पाठीला हात लावणारं या घरात दुसरं होतं कोण?

“आलीस का जिपार? खाली चोळ. अजून खाली. आज कालच्यापेक्षा वाईट आहे गं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. मी मान हलवली. ती एक शब्द बोलली असती तर सासूबाई वळल्या असत्या आणि ते हसू चेहऱ्यावर आलं असतं. म्हणून दारातून मीच विचारलं.

“किती, आई? बोटं दाखवा.”

सासूबाईंनी हात मागे केला. आधी पाच बोटं, मग मूठ, मग तीन.

“आठ,” मी म्हणाले. “लेखणीबाईंना सांगू का?”

“खबरदार सांगशील तर. पोरगी घटकाभर माहेरी येते. तिकडं तिला ना नवरा, ना कुणी पुसणारं. इथं येऊन तरी तिनं सुखानं चहा प्यावा. माझं रडगाणं बांधून द्यायचं का तिला बरोबर?” मग जरा दम खाऊन म्हणाल्या, “तुझी गोष्ट वेगळी. तू घरची.”

वन्संच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मी बघितलं. आणि खरं सांगते, सासूबाई वेदनेनं वाकल्या होत्या, त्यांची लेक समोर पांढरीफटक पडली होती, आणि माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. तू घरची. इतकी वर्षं मी या दोन शब्दांसाठी राबत होते, आणि ते मला मिळाले तेही नेमके तिच्यासमोर.

तिनं हात काढून घेतला नाही. चोळायला लागली, खाली, अजून खाली, सांगितलं होतं तसं. माझा आवाज आणि तिचे हात, असं आम्ही दोघींनी मिळून त्या दिवशी एकाच सुनेचं काम केलं. मग ती हलकेच उठली, मी तिच्या जागी बसले आणि ती बाहेर गेली. गाडीचं दार पुन्हा जोरात वाजलं. अंगणातून मोठ्यानं हाक आली, “आई, मी आलेय गं.” सासूबाईंच्या अंगात वीज आली. डूल आण, जाकीट आण, उशा लाव. माझे मातीचे हात पुसायलाही वेळ नव्हता, जाकिटाला डाग पडला तर मला बोलणी बसली.

ती आत आली आणि मानाच्या जागी बसली. किती गं आई? मूठ. मुरंबा घे. तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं: रोगी म्हणते शून्य. सासूबाई म्हणाल्या, बरोबर लिहिलंस. पण मी चहा द्यायला वाकले तेव्हा मला दिसलं की त्याखाली आणखी एक ओळ होती, जी तिनं वाचली नव्हती. ‘रोगी सुनेला सांगते: आठ. समक्ष पाहिले.’ तिचं ते टपोरं, सरळ अक्षर तेवढ्या ओळीत वाकडं झालं होतं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला आणि गोळी वाढली. तीन-चार दिवसांत सासूबाईंना रात्रीची झोप लागायला लागली. आठाचे पाच झाले, मग तीन. त्या मला मागे हात करून दाखवायच्या.

लेखणीबाईनं मला एक छापील तक्ता आणून दिला. म्हणाली, “रोजचं तू लिही. तुझं अक्षर वाचता येतं.” तिच्याकडून एवढं म्हणजे फार झालं. मी लिहायला लागले आणि तिच्यासारखंच लिहायचं ठरवलं, ‘आई म्हणतात’ असं. यायची तेव्हा ती आधी फाटकात माझ्याकडून आकडा घ्यायची आणि मग आत जाऊन आईकडून मूठ घ्यायची. मी आकडा सांगताना तिचे दात घट्ट मिटलेले असायचे. मला त्यात मजा वाटत नव्हती असं नाही.

पण ती हटणारी बाई नाही. तिला आईच्या तोंडून हवं होतं, स्वतःसाठी, एकदा तरी. घरचं माणूस व्हायचे तिनं काय काय उद्योग केले. एकदा मानाची जागा सोडून दाराशी माझ्या जागी बसली आणि चहा ओतायला लागली. सासूबाईंनी मलाच झापलं, लेकीला कामाला लावतेस, लाज नाही का? एकदा तिनं बाह्या सरसावून भांडी घासायला घेतली, तेव्हाही बोलणी मलाच. मी म्हटलं, वन्सं, तुमच्या घरचं होण्यात माझा जीव जायचा. ती हसली नाही.

शेवटी एक दिवस तिनं कागद बाजूला ठेवला, पेन खिशाला लावलं आणि आईचा हात हातात घेतला.

“आई, मला सांग ना गं. मी काही लिहीत नाही. मला नुसतं सांग.”

सासूबाईंनी तिच्या गालावरून बोटं फिरवली. अशी बोटं त्यांनी माझ्या गालावरून एकदाही फिरवली नाहीत.

“काय सांगू, माझी बाय? तुझा चहा गार होतोय.”

मी स्वयंपाकघरात जाऊन लाकडं नीट रचत बसले. ती आधीच नीट रचलेली होती.

सासूबाई हिवाळ्यात गेल्या. रात्रभर बर्फ पडलं होतं. सकाळी त्यांचा श्वास बदलला तेव्हा तालायनं बहिणीला फोन केला. ती नदीपलीकडे दुसऱ्या रोग्याच्या घरी होती, रस्ता अजून मोकळा व्हायचा होता. आम्ही सासूबाईंना सांगितलं, लेक निघालीय. त्यांनी डोळे उघडले. दुखतंय का विचारलं तर बोटं हलवली नाहीत, मूठही केली नाही, तिकडे लक्षच नव्हतं. थोड्या वेळानं माझ्याकडे बघून एक वाक्य बोलल्या, अगदी स्पष्ट. त्यानंतर काही बोलल्या नाहीत. उन्हं अंगणात आली तेव्हा तालायनं त्यांचे डोळे मिटले.

ती पोचली तेव्हा बाहेर माणसं यर्टची, म्हणजे गोल तंबूची, लाकडं उभी करत होती, सासूबाईंना तिथं न्यायचं होतं. ती आईजवळ बसून राहिली, रडली, कपाळाला कपाळ लावलं. मग उठून स्वयंपाकघरात आली आणि चुलीपाशी, दाराच्या बाजूला, माझ्या जागेवर बसली. कोटाच्या आतून तिनं ते कागद काढले. शेवटची नोंद तिलाच करायची होती, तिच्याशिवाय कुणी नव्हतं. वेळ लिहिली, जवळ कोण होतं ते लिहिलं, ‘मुलगा आणि सून’. मग माझ्याकडे बघून विचारलं.

“काही बोलली का शेवटी?”

नाही म्हणाले असते तर कुणाला कळणार होतं? तालाय तेव्हा लाकडं आणायला बाहेर गेला होता. ते वाक्य माझ्याकडे बघून म्हटलेलं होतं, त्यात माझं नाव होतं, ते मला एकटीला ठेवता आलं असतं. जिभेच्या टोकावर ‘नाही’ आलंही होतं. पण ती समोर पेन उघडून बसली होती, आणि तिच्यासमोर आजवर कुणाला खोटं बोलता आलेलं नव्हतं, एक तिची आई सोडून.

“म्हणाल्या, जिपार, दस्तरखान घाल, पोरगी येतेय.”

तिनं लिहिलं. मग सवयीप्रमाणे वाचून दाखवलं, “रोगी म्हणाली: जिपार, दस्तरखान घाल, पोरगी येतेय. बरोबर लिहिलं का?”

“बरोबर.”

“तुझं नाव घेतलं तिनं,” ती म्हणाली. “जाताना तुझं नाव. मी शेवटपर्यंत पाहुणीच.”

“आणि मला शेवटपर्यंत काम,” मी म्हणाले. “मरतानाही त्यांनी मला काम सांगितलं आणि तुम्हाला चहा.”

दोघींनाही रडू आलं, पण गळ्यात गळा घालून नाही. ती माझ्यावर जळून रडत होती आणि मी तिच्यावर. बाहेरून बायका हाका मारायला लागल्या, लेक कुठे आहे, लेकीला यर्टमध्ये आणा, विलाप सुरू करायचाय. ती उठायला लागली तेव्हा मी तिला बसवलं.

“थांबा. आधी चहा घ्या.”

मी आतल्या खोलीत दस्तरखान पसरलं, दारासमोर, नेहमीच्या जागी. बोरसोक ठेवले, साय ठेवली. ती तिथं बसायला तयार नव्हती, मी दंड धरून बसवलं. तिनं वाटी दोन्ही हातांत धरली आणि रडत रडत सगळा चहा प्यायली. वाटी रिकामी झाल्यावर मी पुन्हा भरली.